एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांनी मधुमेह कसा सांभाळावा

मधुमेहाविषयीचा बहुतेक सल्ला साखर वाढू नये या एकाच काळजीभोवती फिरतो. सत्तरी ओलांडलेल्या आणि घरात एकट्याने राहणाऱ्या माणसाला मात्र काळजीचा हा क्रम बदलावा लागतो. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षे सावकाश नुकसान करत राहते. एकाएकी उतरलेली साखर काही मिनिटांत विचारशक्तीच हिरावून घेते, आणि अशा वेळी घरात दुसरे माणूस नसेल तर काही बिघडले आहे हे ओळखणारेही कोणी उरत नाही. म्हणून पुढील सर्व सूचना तीन गोष्टी धरून लिहिल्या आहेत: साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू नये, उतरलीच तर स्वतःला सावरता यावे, आणि तेही जमले नाही तर काही तासांच्या आत कोणाच्या तरी ते लक्षात यावे.

हा धोका सर्वांना सारखा नसतो, त्यामुळे आपण नेमकी कोणती औषधे घेतो हे आधी पाहावे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा फार खाली जात नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर उतरू शकते. यांपैकी ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम दीर्घकाळ टिकतो आणि मूत्रपिंडे मंदावली असतील तर तो आणखी लांबतो, म्हणून वृद्धांना ते शक्यतो देऊ नये असे तज्ज्ञ सांगतात. अनेक गोळ्यांमध्ये दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत केवळ कंपनीने दिलेले नाव असते. भिंग घेऊन त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत, प्रत्येक गोळीतील मूळ औषधांची नावे एका कागदावर उतरवावीत आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

उद्दिष्ट किती कडक असावे

एचबीएवनसी ही तपासणी मागील दोन ते तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज देते. प्रकृती धडधाकट असलेल्या ज्येष्ठांसाठी हा आकडा साधारण ७ ते ७.५ टक्क्यांच्या खाली असावा, आणि अनेक आजार असलेल्या किंवा विस्मरण सुरू झालेल्यांसाठी ८ टक्क्यांच्या खाली असला तरी पुरे, अशी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची सर्वसाधारण भूमिका आहे. खूप थकलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर या आकड्यावर विसंबूच नये आणि साखर उतरणे टाळण्याकडेच लक्ष द्यावे, असेही ती संस्था सांगते. तरीही ६ किंवा ६.२ टक्के असा अहवाल हाती आला की रुग्ण समाधानी होतो आणि नातेवाईकही कौतुक करतात. इन्सुलिनवर असलेल्या, एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या व्यक्तीचा असा अहवाल मला काळजीचा वाटतो, कारण सरासरी चांगली दिसते तेव्हा तिच्या आड रात्री-अपरात्री ५०-६० पर्यंत गेलेली साखर दडलेली असू शकते.

कडक नियंत्रण सर्वांच्याच हिताचे नसते हे मोठ्या प्रमाणावर तपासले गेलेले आहे. अमेरिका आणि कॅनडा येथे झालेल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ या अभ्यासात दहा हजारांहून अधिक लोक सहभागी होते आणि त्यांचे सरासरी वय ६२ च्या आसपास होते. त्यांच्यापैकी एका गटाची एचबीएवनसी ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न चालला होता. त्या गटात मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळल्यामुळे २००८ साली अभ्यासाचा तो भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला.

पुढील भेटीत डॉक्टरांना सरळ विचारावे: ‘माझे वय, माझे इतर आजार आणि मी घरात एकट्याने राहतो ही गोष्ट लक्षात घेता माझे उद्दिष्ट काय असावे, आणि यातील कोणते औषध कमी करता येईल?’ आपण एकटे राहतो हे डॉक्टरांना ठाऊक असेलच असे गृहीत धरू नये. वर्षभरात वजन घटले असेल, जेवण कमी झाले असेल किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढले असेल, तर पूर्वी योग्य असलेली मात्रा आता जास्त ठरू शकते. तीही माहिती न विचारता द्यावी. रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास एचबीएवनसीचा आकडा फसवा असू शकतो, त्यामुळे ग्लुकोमीटरच्या नोंदींची वही सोबत न्यावी.

साखर उतरली तर

रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात, आणि ५४ च्या खाली गेली की प्रसंग गंभीर मानतात. हातापायांना कंप, दरदरून घाम, छातीत धडधड आणि कडाडून भूक ही नेहमीची लक्षणे सर्वांना माहीत असतात. वाढत्या वयात आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात ती क्षीण होतात. त्यांऐवजी तोल जाणे, बोबडे बोलणे, साधा हिशेब न जमणे, उगाच चिडचिड होणे किंवा हातातील काम विसरून नुसते बसून राहणे अशी लक्षणे दिसतात, आणि ती वयाच्या खाती टाकली जातात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर कंप आणि धडधड दबून जाते, घाम मात्र येतो. त्यामुळे कारण नसताना घाम आला, की तो धोक्याचा इशारा समजावा.

शंका आली की आधी खाली बसावे. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर मोजावी. नसेल तर तो शोधत घरभर फिरू नये आणि मोजल्याशिवायच उपाय सुरू करावा. सुमारे १५ ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर घ्यावी, म्हणजे तीन ते चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड, किंवा १५० मिलिलिटर फळांचा रस, किंवा पाकिटावरचे प्रमाण पाहून तेवढ्या ग्लुकोजच्या गोळ्या. चॉकलेट किंवा तूप-लोणी घातलेली मिठाई या कामी निरुपयोगी आहे, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज हे औषध चालू असेल तर साधी साखरही उशिरा लागू पडते. अशांनी ग्लुकोजच घ्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा ७० च्या खालीच असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी. साखर वर आली आणि पुढचे जेवण लांब असेल तर थोडे धान्य आणि प्रथिने असलेले काहीतरी खावे.

घरात दुसरे कोणी नसल्यामुळे इथे आणखी दोन गोष्टी कराव्या लागतात. तोंडात साखर गेल्यावर लगेच एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करून ‘माझी साखर उतरली आहे, वीस मिनिटांनी मला फोन कर’ असे सांगावे. दुसऱ्या मात्रेनंतरही बरे वाटले नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी आणि उभे राहण्याइतके भान असेल तोवर दाराची आतली कडी काढून ठेवावी, म्हणजे येणाऱ्याला दार तोडत बसावे लागणार नाही. सल्फोनिलयुरिया गटातील गोळीमुळे साखर उतरली असेल तर ती एकदा वर येऊनही पुढील काही तासांत, कधी कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत, पुन्हा खाली जाऊ शकते. अशा वेळी बरे वाटले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे आणि ती रात्र शक्यतो एकट्याने काढू नये.

साखरेचा साठा स्वयंपाकघरात असून भागत नाही. पलंगाच्या उशाला, नेहमीच्या खुर्चीजवळ, न्हाणीघराच्या दाराशी आणि बाहेर पडताना खिशात, अशा प्रत्येक ठिकाणी थोडी साखर असावी. निदान एक डबी जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतक्या खाली ठेवावी. डबीचे झाकणही महत्त्वाचे आहे. ग्लुकोजच्या पाकिटाचे चकचकीत वेष्टन एरवी सहज फाटते. पण कंप सुटलेल्या, घामाने ओल्या झालेल्या बोटांना ते फाडता येत नाही आणि फिरकीचे झाकण तर मुळीच उघडत नाही. गोळ्या आधीच वेष्टनातून काढून, एका अंगठ्याने उचलता येईल अशा सैल झाकणाच्या डबीत ठेवाव्यात, आणि डोळे मिटून डाव्या हाताने ती उघडता येते का हे एकदा करून पाहावे.

मोजणे, गोळ्या आणि इन्सुलिन

मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण फळ सोलल्यानंतर बोटावर राहिलेला अंशसुद्धा आकडा खोटा वाढवतो. बोटाच्या मध्यभागापेक्षा कडेला टोचले तर कमी दुखते. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी आणि मुदत संपलेल्या पट्ट्या वापरू नयेत. दिवसातून किती वेळा मोजायचे हे औषधांवर ठरते. केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्यांना रोज बोट टोचण्याची गरज बहुधा नसते, तर इन्सुलिनवर असलेल्यांनी निदान उपाशीपोटी आणि झोपण्यापूर्वी मोजलेले बरे. झोपतानाचा आकडा १०० च्या खाली असेल आणि इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असेल, तर थोडे खाऊनच झोपावे. किती आणि काय खावे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

चुकून राहिलेल्या मात्रेपेक्षा चुकून दोनदा घेतलेली मात्रा अधिक घातक असते. गोळ्यांसाठी आठवड्याच्या वारांची कप्पेवार डबी वापरावी, कारण रिकामा कप्पा पाहिला की गोळी घेतल्याची खात्री पटते. इन्सुलिनच्या पेनमध्ये अशी खूण राहत नाही, म्हणून पेन ठेवतो तिथेच एक तक्ता चिकटवून सुई काढताच त्यावर वेळ आणि मात्रा लिहावी. मात्रा घेतली की नाही हे आठवत नसेल तर पुन्हा घेऊ नये. साखर मोजावी, पुढील काही तास पुन्हा पुन्हा मोजत राहावे आणि डॉक्टरांना विचारावे.

दोन प्रकारचे इन्सुलिन चालू असेल तर पेनांची अदलाबदल हा खरा धोका आहे. रात्रीच्या संथ इन्सुलिनच्या जागी जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन तेवढ्याच मात्रेत टोचले गेले, तर साखर वेगाने कोसळते. दोन्ही पेन दोन वेगळ्या खोल्यांत ठेवावीत आणि एका पेनाला जाड रबरबँड गुंडाळावा, म्हणजे दिवे गेले किंवा चष्मा सापडला नाही तरी स्पर्शाने फरक कळेल. प्रत्येक वेळी नवी सुई लावावी, आधी दोन युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो हे पाहावे आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढावी. एकाच जागी टोचत राहिल्यास कातडीखाली गाठी होतात आणि तिथे इन्सुलिन नीट शोषले जात नाही. अशा गाठींची जागा सोडून निरोगी कातडीत टोचायला सुरुवात केली की तीच मात्रा अचानक जास्त लागू पडते, म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरू नये. वापरात असलेले पेन घरच्या तापमानात, उन्हापासून आणि चुलीपासून दूर, बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे चालते.

कातडीवर चिकटवण्याचा सतत साखर मोजणारा सेन्सर परवडत असेल तर एकट्या राहणाऱ्या आणि इन्सुलिनवर असलेल्या व्यक्तीला मी तो आवर्जून सुचवीन. साखर उतरू लागली की तो झोपेतून उठवतो आणि काही सेन्सरांचा इशारा दूर राहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवरही जातो.

जेवण

एकट्यासाठी रांधायचा कंटाळा येतो आणि जेवणावरची वासनाही हळूहळू कमी होते. गोळी मात्र घड्याळ पाहून घेतली जाते, आणि साखर उतरण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. सल्फोनिलयुरियाची गोळी आणि जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नये. जेवण चुकलेच तर कोणते औषध टाळायचे आणि कोणते तरीही घ्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणावे. पथ्याच्या नावाखाली उतारवयात वजन घटवणे बहुधा हिताचे नसते, कारण चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि पडण्याचा धोका वाढतो. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक पदार्थ असावा. मद्य, विशेषतः रिकाम्या पोटी घेतलेले, यकृतातून साखर सुटणे रोखते आणि त्याचा परिणाम मध्यरात्रीनंतरही होऊ शकतो.

ताप, उलट्या, जुलाब

आजारपणात साखर सहसा वाढते, कमी खाल्ले तरीही. वृद्धांना तहान कमी लागते आणि साखर बरीच चढेपर्यंत लघवीचे प्रमाण वाढल्याचे लक्षात येतेच असे नाही. त्यामुळे शरीर नकळत कोरडे पडत जाते, साखर ६०० च्या पलीकडे पोहोचते आणि माणूस गुंगीत जातो. बघणारे कोणी नसले की हा प्रवास दोन-तीन दिवस बिनबोभाट चालू राहू शकतो. म्हणून ताप, उलट्या किंवा जुलाब सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशीच कोणाला तरी कळवावे, दर चार तासांनी साखर मोजावी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून थोड्या थोड्या वेळाने घोट घेत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

अशा दिवसांत काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात. अंगातील पाणी कमी झाले असताना मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अपाय करू शकतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही शरीरात घातक आम्ल साठू शकते. संथ इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नये. कोणते थांबवायचे आणि कधी पुन्हा सुरू करायचे याची यादी प्रकृती ठणठणीत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. तापात ती विचारण्याचे त्राण नसते. पाणीही पोटात टिकत नसेल, श्वास जोरात चालू असेल, गुंगी येत असेल किंवा साखर ३०० च्या वरच राहत असेल, तर घरी थांबू नये. नवे औषध सुरू होतानाही सावध राहावे: स्टेरॉइडने साखर चढते, तर काही प्रतिजैविकांमुळे, विशेषतः सल्फोनिलयुरियासोबत, ती उतरते.

पाय आणि तोल

मधुमेहात पायांची संवेदना जाते, म्हणून दुखत नाही हा जखम नसल्याचा पुरावा धरू नये. रोज रात्री उजेडात बसून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा, आणि नजर अधू असेल तर तळव्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवावा. पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा टोचणारी शिवण नाही ना हे पाहावे. पाण्याचा गरमपणा कोपराने तपासावा, पाय शेकू नयेत, घरातही अनवाणी चालू नये आणि कुरूप स्वतः कापू नये किंवा औषधी पट्टी लावून जाळू नये. लालसर डाग, फोड किंवा ओलसर भेग दिसली तर दुसऱ्या दिवशीच दाखवावी. झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, कारण उभे राहताच रक्तदाब घसरून तोल जाण्याची शक्यता मधुमेहात अधिक असते.

डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना या तपासण्या साधारणपणे वर्षातून एकदा कराव्यात. बरीच वर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वही अधूनमधून तपासून पाहावे.

माणसांची व्यवस्था

कोणाला त्रास द्यायचा नाही या भावनेने अनेक ज्येष्ठ ही व्यवस्था करतच नाहीत, आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण मागायचे असते ते अगदी थोडे. रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी एक संदेश किंवा एक फोन एवढे पुरते. मात्र त्याला जोडून दुसरा नियमही ठरलेला हवा: ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात उत्तर आले नाही, तर जवळ राहणाऱ्या एका व्यक्तीने येऊन दार ठोठावायचे आणि उत्तर नसेल तर तिच्याकडच्या किल्लीने आत यायचे. आतून कडी लावलेली असेल तर ती किल्ली कुचकामी ठरते, म्हणून बाहेरून उघडणारे कुलूपच रात्री लावावे. फोन घरातही अंगावरच असावा. पडलेल्या माणसाला टेबलावरचा फोन मिळत नाही.

किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखर द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून तातडीची मदत बोलवावी. घरात ग्लुकागॉन, म्हणजे उतरलेली साखर वर आणणारे तातडीचे औषध, असेल तर ते कसे द्यायचे हे त्यांना डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून शिकवून घ्यावे, कारण बेशुद्ध माणूस ते स्वतःला देऊ शकत नाही. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावावा आणि त्यावर आजार, औषधे व त्यांच्या मात्रा, कशाची अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा क्रमांक, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. औषध बदलले की त्याच दिवशी कागदही बदलावा. किल्ली सांभाळणारी व्यक्ती बाहेरगावी जाणार असेल तर जाण्यापूर्वी ती किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्यायची आणि रोजचा फोन तेवढे दिवस कोण करणार, हे आधीच ठरवून त्या दोघांचीही एकमेकांशी गाठ घालून द्यावी.